भीमराजच्या फळ्यावरचं ‘उद्याचं’

पुणतांब्याच्या एस.टी. स्टँडसमोर ग्रामपंचायतीची जी भिंत आहे, तिच्यावर आता वाढदिवसांचे फ्लेक्स लागतात. दात काढून हसणाऱ्या त्या भावी नेत्यांपैकी एकालाही ठाऊक नसतं की आपल्याला कशावर ठोकलंय. त्या फ्लेक्सच्या मागे सिमेंटचा एक फळा आहे. एके काळी, म्हणजे फार मागे नाही, नव्वदच्या दशकात, गाव सकाळी तोंड धुऊन आधी त्या फळ्यापुढे येऊन उभं राहायचं. चहा नंतर.

फळा भीमराज साळव्याचा. कागदोपत्री ग्रामपंचायतीचा असेल, पण कागदोपत्री तर गोदावरीसुद्धा सरकारची आहे. भीमराज रेल्वेत पॉइंट्समन होता. ड्यूटी सांभाळून तो रोज त्या फळ्यावर बातम्या लिही. कुणी नेमलं नव्हतं, कुणी दमडी दिली नाही, खडूसुद्धा पदरचे. दर दिवाळीला जुन्या सेलमधली काळी पूड पाल्याच्या रसात खलून तो फळा घोटायचा. त्या दिवशी त्याच्याजवळ जायची कुणाची छाती नसे, कारण हात कोपरापर्यंत काळे आणि डोकं तापलेलं.

सकाळी रेडिओवरच्या प्रादेशिक बातम्या ऐकून तो स्टँडवर यायचा. तिथं बन्सीची टपरी होती. बन्सी पेपरचा एजंट. नगरच्या गाडीनं गठ्ठा आला, बन्सीनं सुतळी कापली, की पहिल्या पेपरची घडी मोडायचा मान भीमराजचा. ‘फुकट वाचतोय आन वर शिळा करून ठेवतोय,’ असं बन्सी रोज पुटपुटायचा आणि रोज पेपर त्याच्या हातात द्यायचा. मग फळ्यावर वरती देशाची बातमी, ठसठशीत अक्षरात. मध्ये कांद्याचा भाव. खाली उजव्या कोपऱ्यात गावची खबर: कुणाची पोरगी दहावी पास झाली, कुणाची शेळी हरवली, पाटाला पाणी कधी सुटणार. ज्यांना वाचता येत नसे त्यांना तो वाचून दाखवी आणि वाचताना आपली दोन वाक्यं वर घाली. दिल्लीत सरकार पडलं की लोक त्यालाच विचारत, ‘का पाडलं रं भीमा?’ आणि तोही असा खाकरून उत्तर द्यायचा की जणू पाडायच्या आधी त्याला विचारूनच पाडलं होतं.

त्याचा पहिला वाचक गहिनीनाथ. नदीकाठचा बागायतदार, भीमराजचा शाळेपासूनचा दोस्त. सायकल भिंतीला टेकवायची, फळा वरपासून खालपर्यंत वाचायचा आणि मान हलवून म्हणायचं, ‘आज मीठ कमी पडलंय गड्या बातमीत.’ भीमराजनं एक शिवी हासडायची. मग दोघांनी मिळून बन्सीकडे चहा. हे इतकी वर्षं चाललं होतं की एखाद्या दिवशी गहिनीनाथ आला नाही तर लोकांना फळा अपुरा वाटायचा.

एक गोष्ट मात्र त्या फळ्यावर कधी आली नाही. गावातलं मरण. कुणी गेलं तर भीमराज मातीला जाई, तिसऱ्याला जाई, घरच्यांपाशी बसून राही. पण फळ्यावर अक्षर काढत नसे, आणि मरणाची बातमी घेऊन कुणाच्या दारात तर मुळीच जात नसे. नवे आलेले मास्तर वगैरे कारण विचारत. जुनी माणसं विचारत नसत. त्यांना माहीत होतं.

भीमराजच्या वडिलांच्या, रंभाजीच्या वाट्याला गावकीची जी कामं आली होती, त्यात सांगावा न्यायचं काम होतं. गावात कुणी मेलं की रंभाजीनं पायी चार गावं तुडवायची आणि सोयऱ्याधायऱ्यांना कळवायचं. कळवायचं म्हणजे अंगणाच्या कडेला उभं राहून ओरडून सांगायचं. आतून रडण्याचा कल्लोळ उठे आणि सांगणारा बाहेर तसाच उभा. कुणी वरून भाकरी टाकली तर घ्यायची, नाहीतर पुढच्या गावाची वाट धरायची. मेलेला माणूस त्यालाही आवडत असेल, त्यालाही वाईट वाटत असेल, हे कुणाच्या डोक्यातही येत नसे. छप्पन्न साली रंभाजी नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि सरळ चावडीवर जाऊन म्हणाला, ‘आजपास्नं माझ्या घरातलं कुनी मरनाचा सांगावा न्हेनार न्हाई.’ गावानं त्याच्याशी वर्षभर अबोला धरला. धरणाऱ्यांत गहिनीनाथचे वडील पुढे होते.

रंभाजी शेवटच्या दुखण्यातही तेच बजावून गेला आणि भीमराजनं ते डोळ्यांत तेल घालून पाळलं. फळा लिहिणं वेगळं आणि सांगावा नेणं वेगळं, हे त्याला कुणी समजावून द्यायला नको होतं. फळ्यापुढे गाव आपल्या पायांनी चालत येत होतं. त्याला कुणाच्या अंगणात उभं राहावं लागत नव्हतं.

आता प्रज्ञाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिनं घडवलं. प्रज्ञा ही भीमराजची थोरली मुलगी. बी.ए. झाली, भिंगारला मावशीकडे राहून कॉम्प्युटरवरचं मराठी टायपिंग शिकली आणि नगरच्या एका दैनिकात लागली. अठ्ठ्याण्णव साली मालकाच्या मुलाच्या डोक्यात आलं की आपला पेपर इंटरनेटवर टाकायचा. कचेरीतली जुनी खोडं म्हणाली, नगरची बातमी तिकडे अमेरिकेत कोण वाचणार? आणि ते नसतं झेंगट प्रज्ञाच्या गळ्यात घालून मोकळी झाली. पोरगी हुशार. तिला चार महिन्यांत त्याची गोडी लागली. जगभरातले पेपर ती तिथं बसून उघडायची, आपल्या पेपरच्या ताज्या बातम्या संध्याकाळच्या आत वर चढवायची, आणि खरंच कुठून कुठून नगरच्या माणसांच्या चिठ्ठ्या यायच्या की पोरी, बरं वाटलं वाचून.

भीमराज एकदा मुद्दाम ते बघायला गेला. आधी फोनच्या यंत्रातून मांजरं भांडल्यासारखा आवाज आला. मग पडद्यावर बातमी वरून खाली, एकेक ओळ करत उतरायला लागली. मध्येच फॉन्ट रुसला आणि अक्षरांचा चिवडा झाला. प्रज्ञानं तो नीट केला. भीमराज बराच वेळ बघत राहिला.

‘आन दुसऱ्या दिशी हे पुसतं कोन?’ त्यानं विचारलं.

‘पुसत नाहीत बाबा. नवी आली की जुनी खाली सरकते.’

‘कुठवर?’

 प्रज्ञा हसली आणि त्याला कँटीनचा चहा पाजून तिनं एस.टी.त बसवून दिलं.

पण जाताना त्यानं तिच्याशी एक संधान बांधलं होतं. बन्सीच्या टपरीत तोवर एस.टी.डी.चा काचेचा खोका आला होता. प्रज्ञानं रोज काम संपलं की तिथं फोन करायचा आणि नेटवर चढलेल्या बातम्या बापाला सांगायच्या. भीमराज त्या कानात साठवून तडक फळ्याकडे. ज्या बातम्या गावाला दुसऱ्या दिवशी पेपरातून कळायच्या, त्या आता दिवेलागणीलाच फळ्यावर. सकाळचा फळा संध्याकाळचा झाला. गावानं त्याला लगेच नाव दिलं, ‘उद्याचं’. ‘उद्याचं लिवलं का रं?’ ‘आज उद्याचं काय हाय?’ छबूबाई म्हातारी तर खडू ओढून म्हणाली, ‘उद्याचं कळतंय ना तुला? मंग माझी म्हस कवा व्यायची तेवढं बघ.’ बन्सी कपाळावर हात मारून घ्यायचा. त्याच्याच फोनवरून त्याच्याच पेपरचं दिवाळं निघत होतं, आणि खोका बंदही करवत नव्हता, कारण उद्याचं ऐकायला जमलेलं गाव त्याच्याच टपरीवर चहा पीत होतं.

त्या वर्षभरातल्या संध्याकाळी ज्यांनी पाहिल्या त्यांना त्या अजून आठवतात. शेतावरून आलेली माणसं, हातपाय धुतलेल्या बाया, कडेवरची पोरं, आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वर. भीमराज एकेक शब्द काढायचा आणि लोक तो काढत असतानाच पुढचा ओळखायचे, चुकायचे, हसायचे. आज प्रत्येकाच्या खिशात जगाची बातमी असते. मांडीवर पोरगं आणि पोराच्या डोक्यावरून नजर फोनमध्ये. मला राग येतो त्याचा, स्पष्टच सांगतो. बातमी वाचून झाल्यावर बाजूला बघावं तर कुणी नसतं. तेव्हा बातमी वाचायची म्हणजे कुणाच्या तरी खांद्याला खांदा लागायचाच.

भीमराजही त्या वर्षी जरा फुशारला होता. असू दे. माणसानं जन्मात एकदा फुशारावं.

नव्याण्णवच्या हिवाळ्यात गहिनीनाथचा थोरला भाऊ आप्पासाहेब आणि भावजय झुंबरबाई ट्रॅव्हल्सच्या बसनं काशीला गेले. ‘दाराम्होरं गंगा वाहती आन हे निघालं गंगा बघाया,’ असं गोदावरीकडे बोट दाखवून म्हणत गहिनीनाथनं भावाला भरपूर चिडवलं, आणि बस सुटताना सगळ्यांत जास्त तोच रडला. यात्रेहून सुखरूप आलं की गावाला जेवू घालायचं असतं, ते मावंदं. परतीची बस दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार होती, म्हणून आदल्या दिवशीच गहिनीनाथच्या दारात मांडव पडला, चुलवण खणलं गेलं, आचारी बुंदी पाडायला बसला. त्या सकाळी बन्सीच्या टपरीवर येऊन गहिनीनाथ भीमराजला म्हणाला, ‘जोडीनं यायचं. आन माझ्या शेजारी, पहिल्या पंगतीला बसायचं. उगं मागं मागं करायचं न्हाई.’

त्याच संध्याकाळी प्रज्ञाचा फोन नेहमीपेक्षा लवकर आला.

‘बाबा, आज फळ्यावरचं काही नाही. नीट ऐका.’  मध्य प्रदेशातल्या एका हिंदी पेपरचं पान तिनं नेटवर उघडलं होतं. यात्रेकरूंची बस घाटात उलटली होती आणि गेलेल्यांच्या नावांत एका नावापुढे पुणतांबा लिहिलं होतं. ‘आप्पाकाका गेले, बाबा. झुंबरकाकू दवाखान्यात आहेत, त्यांच्या जिवाला धोका नाही. मी ऑफिसातून तिकडच्या पोलिसांना फोन लावून विचारलं. खरं आहे.’

‘गहिनीला कळालंय?’

‘कसं कळणार? त्यांच्याकडे फोन कुठे आहे? तिकडून नगरला निरोप, नगरहून पोलीस ठाण्याला, तिथून गावात, म्हणजे उजाडेलच. आणि सकाळी सगळ्याच पेपरांत येणार. बाबा, आत्ता गावात फक्त तुम्हाला माहीत आहे.’

भीमराज खोक्यातून बाहेर आला. फळ्यापुढे नेहमीची मंडळी जमली होती. त्यानं ओल्या फडक्यानं कालचं पुसलं, खडू उचलला आणि तसाच उभा राहिला. ‘काय रं, आज उद्याचं न्हाई का काय?’ कुणीतरी म्हणालं. ‘न्हाई,’ एवढंच बोलून त्यानं खडू खिशात टाकला आणि घराची वाट धरली. लोक कोऱ्या फळ्याकडे आणि एकमेकांकडे बघत राहिले.

वाटभर त्याच्या डोक्यात तेच चाललं होतं. गप्प राहिलं तर? तर सकाळी बन्सी गठ्ठा सोडील. गहिनीनाथच्या मांडवात पाहुणे भरलेले असतील, चुलवणावर भात चढलेला असेल, आणि कुणीतरी पेपर फडकवत त्यांच्यात शिरेल. आणि जाऊन सांगितलं तर? तर रंभाजीचा मुलगा, रंभाजी जिथं उभा राहायचा त्याच अंगणात, मरणाची बातमी तोंडात घेऊन उभा. गाव म्हणेल, आला शेवटी सांगावा घेऊन. गाव न का म्हणेना, तो स्वतःच आयुष्यभर म्हणत राहील.

सुमनबाई, त्याची बायको, भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं. 

‘मंग हितं काय करताय?’ ती म्हणाली.

‘बाबांनी काय सांगितलं हुतं, तुला ठावं हाय.’

‘मामांनी गावकी सोडली हुती. शेजार सोडला न्हवता.’

‘तुला समजत न्हाई, सुमन. त्या अंगनात बाबा…’

‘लई समजतंय मला.’ तिनं तवा उतरवला, हात धुतले आणि दोरीवरचं धुतलेलं पातळ ओढलं. ‘सांगाव्याला कदी बाई गेल्ती का? एकला गडी धाडायचे. आपन दोघं जाऊ. घरची मानसं जात्यात तसं जाऊ. आन अंगनात उभं ऱ्हायचं न्हाई. आत जाऊन बसायचं.’

गहिनीनाथ मांडवाचा दोर आवळत होता. दोघांना बघून लांबूनच ओरडला, ‘आरं, मावंदं उद्या हाय! भूक लागली व्हय आजच?’ त्याची बायको राहीबाई हसत दारात आली. भीमराज अंगणात थांबला नाही. चपला काढल्या, ओसरी चढला आणि आत जाऊन खाली बसला. सुमनबाई राहीबाईचा हात धरून तिच्याजवळ टेकली. एवढ्यानंच गहिनीनाथचं हसू अर्धं झालं. बोलावल्याबिगर आत जाऊन बसणारा माणूस नव्हता तो.

‘हितं ये. माझ्याजवळ बस,’ भीमराज म्हणाला. तो बसल्यावर त्याचा हात धरला. ‘गहिनी, बस उलटली. वहिनी बऱ्या हायेत, दवाखान्यात हायेत. प्रज्ञानं फोन लावून पक्कं केलंय.’  पुढचं दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघू द्यायचं नव्हतं. ‘आप्पा गेला रं.’

राहीबाईनं हंबरडा फोडला. सुमनबाईनं तिला छातीशी घेतलं. गहिनीनाथ मात्र रडला नाही. तो भीमराजच्या तोंडाकडे बघत होता, फळ्याकडे बघायचा तसा.

‘पेपरात हाय?’

‘उद्या येईल.’

‘मंजी उद्याचं हाय.’

‘गहिनी…’

‘उद्याचं हाय ना ह्ये? तूच लिवतोस की रोज. मंग आज हाय आप्पा. आजच्या दिस तरी हाय ना?’

बाजार समितीत व्यापाऱ्यांना घाम फोडणारा तो खमक्या माणूस भीमराजचा हात दोन्ही हातांनी धरून आजचा दिवस मागत होता.  भीमराजनं वर्षभर जे ऐटीत मिरवलं होतं, तेच आता त्याच्याकडे असं हात पसरून आलं होतं.

‘न्हाई रं माझ्या राजा,’ तो म्हणाला. ‘ते आजचंच असतंय. आपल्याला उद्या कळायचं, एवढंच हुतं.’

तेव्हा कुठे गहिनीनाथचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं.

मग गाव गोळा झालं. आचाऱ्यानं कढई उतरवली, कुणीतरी चुलवणावर पाणी ओतलं. भाऊबंद ओसरीवर बसले आणि नेहमीप्रमाणे ठरवाठरवी सुरू झाली: मयत आणायला गाडी घेऊन कोण जाणार, झुंबरबाईपाशी कोण थांबणार. वाकडीला आप्पासाहेबाची लेक दिलेली होती, चितळीला मेहुणे होते, त्यांना कळवायचं होतं. भाऊबंदातला एक म्हातारा अगदी सहज, मनात काही न ठेवता बोलून गेला, ‘भीमराज आलाच हाय की. त्यालाच धाडा. त्याला समदी गावं ठावं हायेत.’

 खरं सांगायचं तर भीमराजचं अंग आपोआप उठायला लागलं होतं. कुणी काम सांगितलं की उठायचं, हे त्याच्याही आधीपासून त्याच्या हाडांत होतं. सुमनबाई पलीकडून त्याच्याकडे बघत होती.

गहिनीनाथनं मान वर केली. भीमराजचा हात त्यानं अजून सोडला नव्हता, उलट खाली ओढला.

‘त्यो कुठं जानार न्हाई,’ तो म्हणाला. आवाज फाटला होता, पण सगळ्या ओसरीला ऐकू गेला. ‘ह्याच्या बानं माझ्या आज्ज्याचा सांगावा न्हेला हुता. धो धो पावसात. परत आला तवा आमी त्याला ह्या वसरीवर बी चढू दिलं न्हाई. तसाच भिजत उभा हुता, मी बघितलंय. त्यो बसंल हितं, माझ्यापाशी. ओम, काढ फटफटी. आपल्या मानसाचं आपन सांगायचं.’

ओम म्हणजे गहिनीनाथचा मोठा मुलगा. त्यानं डोळे पुसले आणि तो उठला. भीमराजनं मात्र इतका वेळ स्वतःला धरून ठेवलं होतं, तो आता फुटला आणि तोंडावर उपरणं घेऊन ढसाढसा रडला. मघापासून त्याला रडायला सवड नव्हती. राहीबाईनं आतून तांब्या आणला आणि दोघांच्या मध्ये ठेवला. ओमची फटफटी वाकडीच्या रस्त्याला लागली, तरी ते दोघं एकमेकांना टेकून तसेच बसून होते.